गोळा आणि चहा यांच्या मधलं

मोहिते,

परवा तुझ्या तेराव्याला मी माइक लावला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लांबून दोनदा खुणावलं, मग जवळ येऊन हळूच विचारलं, "सावंत, सेट आणायला विसरलात काय?" त्यांचंही बरोबर आहे. ज्या माणसाने वसईत बारशालासुद्धा दोन मोठे बॉक्स लावल्याशिवाय पाळणा हलू दिला नाही, तो आज गप्प कसा? मी म्हटलं, विसरलो नाही, मोहित्यांना आवाजाचा त्रास होतो. 'व्हायचा' असं म्हणायला हवं होतं. जीभ वळली नाही. सेक्रेटरी जाऊन खुर्चीत बसले.

तू असतास तर म्हणाला असतास, "भोंग्या, आज तरी लावायचा होतास. आज मला काही होणार नव्हतं."

तुझ्याबद्दल जे बोलायचं असतं ते बाकीच्यांनी बोलून घेतलं. तोफखान्यातली नोकरी, नायब सुभेदारपद, निवृत्तीनंतर कामणच्या गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर, शिस्त, वक्तशीरपणा. सगळं खरं आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. मला तुला वेगळंच काहीतरी सांगायचं आहे. ते मला तेराव्याच्याच दिवशी कळलं, आणि कळल्यापासून पोटात राहत नाही. पण ते मी शेवटी सांगणार. गोष्टीतला हुकमाचा पत्ता मी आधी टाकत नाही हे तुला माहीत आहे, भले ऐकणारा उठून गेलेला असो.

तू एव्हरशाईनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलास ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. मी खाली मंडपात माझं आवडतं काम करत होतो. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. एक ताठ माणूस बनियन आणि खाकी हाफ पँटमध्ये जिना उतरून आला, हाताची घडी घालून पुढ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "टेस्टिंग झालं? पास झालात. आता बंद करा." इतक्या सभ्य भाषेत मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आलो, सुमनवहिनींनी चहा केला, आणि आपली मैत्री सुरू झाली. धंदा माझा आवाजाचा, दुखणं तुझं आवाजाचं.

तेव्हा ते दुखणं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुलाही नाही. तुझ्या मते तू फक्त शांतताप्रिय होतास.

गणपतीत वसई-विरारमधली सगळ्यात शांत जागा कुठली, हा शोध तुझाच. माझं वालीवचं साउंडचं गोदाम. कारण त्या दिवसांत माझे सगळे भोंगे, बॉक्स, अँप्लिफायर भाड्याने बाहेर गेलेले असतात आणि मागे उरतात चार भिंती, वायरींची भेंडोळी आणि एक प्लास्टिकची खुर्ची. शटर अर्धं ओढून तू तिथे बसायचास, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून. विचारलं की म्हणायचास, डोकं जरा जड आहे. तुझं डोकं कधी दुखत नसे, जरा जड असे. फौजेत रिपोर्ट कसा द्यायचा हे तूच मला शिकवलं होतंस. आधी 'सब ठीक' म्हणायचं, मग पूल वाहून गेल्याचं सांगायचं. तू मात्र पहिल्या दोन शब्दांवरच थांबायचास.

आता ती चहाची गोष्ट. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं, वेफर आणि सामोसे वाटून झाले, की पोरं तुझ्याभोवती जमायची. काका, लढाईचं सांगा. आणि तू दरवर्षी एकच सांगायचास. सीमेवरची उंच चौकी, खड्ड्यात तोफ, समोरून मारा चालू. "गोळा आला, अगदी शेजारी पडला. आणि मग माझ्या हातात चहा होता." संपलं. पोरं हसायची. काय माणूस आहे, गोळा पडला तरी चहा पितोय.

मला ते बघवेना. लोकांना गोष्टी सांगून जगणारा मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक चांगली गोष्ट मधोमध भोक घेऊन फिरतेय. मी तुला म्हटलं, अरे, गोळा आणि चहा यांच्या मध्ये काहीतरी घडलं असेल ना? तू म्हणालास, "असेल." मग काय, मी भरलं. पुढच्या सव्वीस जानेवारीला माइक हातात घेऊन मीच सांगितलं: धुरळा उडाला, मोहिते मातीत गाडले गेले, मग ढिगातून आधी एक हात वर आला, मग टोपी, आणि मग मिशी, आणि ती मिशी लंगरच्या आचाऱ्याला ओरडून म्हणाली, गड्या, चहात माती पडली असेल तर दुसरा टाक. टाळ्याच टाळ्या. तूही हसलास. त्याच्या पुढच्या वर्षी ते मधलं तू स्वतःच सांगायला लागलास. हात, टोपी, मिशी. मिशीच्या आधी मी जरा थांबायचो, ते थांबणंसुद्धा तू उचललंस. शिष्य मिळाल्याचा केवढा आनंद झाला होता मला.

घरात मात्र हसण्यासारखं फार काही चाललं नव्हतं. सुमनवहिनींनी कितीतरी वर्षं कुकरची शिटी वाजू दिली नव्हती. भात पातेल्यात, डाळ पातेल्यात. कुणी विचारलं की सांगायच्या, कुकरच्या भाताला चव नसते. तू साध्या गोष्टीवरून चिडायचास. बोलता बोलता शब्द हरवायचास आणि हरवला म्हणून आणखी चिडायचास. जिन्यात तोल जायचा आणि जिन्याला शिव्या मिळायच्या. वहिनींनी ते सगळं स्वतःवर घेतलं होतं. त्यांना वाटायचं, फौजेतून परत आलेला हा माणूस आपल्याला कंटाळलाय.

प्राजूच्या साखरपुड्यात ते फुटलं. लेकीचा साखरपुडा, हॉलमध्ये एलईडीची झगझगीत भिंत, फोटोग्राफरचे फ्लॅश, आणि आवाज. माझा नव्हे, मुलाकडच्यांनी विरारहून आणलेल्या डीजेचा. अंगठी घालायची वेळ झाली आणि मुलीचा बाप स्टेजवर नाही. तू मला पार्किंगमध्ये सापडलास, दोन गाड्यांच्या मध्ये जमिनीवर बसलेला, रुमाल डोळ्यांवर. वहिनी माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आम्ही नकोच होतो तर तसं सांगायचं होतं." तुझ्याकडून 'सब ठीक'सुद्धा आलं नाही.

त्यानंतर तू मुकाट्याने फौजींच्या दवाखान्यात गेलास, आणि त्यांनी तुला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. वहिनी मला म्हणाल्या, भावजी, तुम्हीही चला, तुमच्यापुढे ते बोलतात. खरं म्हणजे माझ्यापुढे कुणालाच बोलायला मिळत नाही, पण मी गेलो. माझ्याच टेंपोत, पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने.

डॉक्टर बाई लहानखुऱ्या, त्यांचा आवाज त्याहून लहान. तुला त्या तिथेच आवडल्या. डोक्याचा एमआरआय आधीच झाला होता आणि तो स्वच्छ होता. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू शत्रूने निशाण खाली घेतलं. बाई म्हणाल्या, डोक्याला जुना मार असला तरी फोटो बहुतेक वेळा स्वच्छच येतो, म्हणून माणसालाच विचारावं लागतं. मग तुझी परीक्षा सुरू झाली. बोटामागे नजर फिरवायची. शंभरातून सात वजा करत जायचं. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. तू राहिलास, टेबलावर आदळलास आणि टेबलालाच सॉरी सर म्हणालास. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते: चष्मा, नारळ, पूल, मांजर, पिवळा. थोड्या वेळाने विचारल्यावर तू हजेरी दिल्यासारखा ताठ बसून चार सांगितलेस, आणि मांजर काही केल्या येईना. त्या दिवसापासून सोसायटीतल्या राखाडी मांजरीला तू 'पाचवी' म्हणून हाक मारायला लागलास. ती अजून तुझ्या दाराशी येऊन बसते, मोहिते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

मग बाईंनी विचारलं, स्फोटाच्या जवळ कधी होतात का. तू म्हणालास, तोफखान्यात होतो मॅडम, नोकरीच स्फोटाजवळ होती. मी मोठ्याने हसलो. त्या हसल्या नाहीत. शुद्ध कधी हरपली? नाही. डोक्याला जखम? नाही. टाके पडले नाहीत, रक्त आलं नाही, म्हणजे तुझ्या लेखी जखम नाही. स्फोटानंतरचा काही वेळ आठवत नाही असं झालंय? नाही मॅडम, सगळं आठवतं. आणि तू ती गोष्ट सांगितलीस. गोळा, धुरळा, हात, टोपी. थांबलास. मिशी.

एरवी माझी छाती फुगली असती. त्या खोलीत, त्या पांढऱ्या उजेडात, माझेच शब्द तुझ्या तोंडून ऐकताना ते थांबवावेसे वाटले. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनीच विचारलं. त्या सगळ्यांनाच हे विचारत असणार, इतक्या सहज विचारलं.

"मोहिते साहेब, हे तुम्हाला स्वतःला आठवतंय, की नंतर कुणी सांगितलंय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर मी राग पाहिला होता, कंटाळा पाहिला होता, भीती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुला 'आठवतंय' म्हणता आलं असतं. मी काही तुला खोटं पाडलं नसतं. मग तू त्यांच्याकडे वळलास.

"हे मधलं याचं आहे. भोंग्याचं. माझ्याकडे मधलं काहीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग तू खिडकीकडे बघत जे बोललास ते वहिनींनीही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या शेजारी गणपत होता. गोळा पडला तेव्हा होता. चहा हातात आला तेव्हा नव्हता. मध्ये मी त्याला उचललं, का सोडून पळालो, मला ठाऊक नाही. यानं मिशीची गोष्ट दिली तेव्हा बरं वाटलं. निदान मध्ये काहीतरी होतं."

इतकी वर्षं पोरांना हसवत तू त्या भोकाच्या काठावर उभा होतास.

बाईंनी समजावलं. ते न आठवणं हीच माराची खूण. स्फोटाच्या धक्क्याने मेंदू हलतो, वरून काही दिसत नाही, आणि माणूस उठून चालू लागतो म्हणून कुणी त्याला जखमी म्हणत नाही. डोकेदुखी, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, तोल, शब्द हरवणं, या सगळ्याची सुरुवात तिथे असू शकते. 'असू शकते' म्हणाल्या. झोप न होणं, मनातली जुनी भीती, असे बरेच धागे एकमेकांत गुंतलेत, एकेक सोडवू म्हणाल्या. आणि याला सौम्य दुखापत म्हणतात असं सांगितलं तेव्हा तू पहिल्यांदा हसलास. "सौम्य म्हणजे लहान पोरांच्या वरणभातासारखं का, मॅडम?" त्या म्हणाल्या, ते नाव त्या दिवसाच्या माराला दिलेलं असतं, पुढच्या वर्षांना नाही.

परतताना टेंपो खाडीपुलावर आला. वहिनी समोर बघत म्हणाल्या, "कुकरच्या भाताला चव असते. चांगली असते."

तू म्हणालास, "ठाऊक आहे मला."

मी आयुष्यात हजारो लोकांपुढे बोललो. त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कधी जमलं नाही.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. गोळ्या, काळा चष्मा, झोपेची ठरलेली वेळ. डोकं जड नसून दुखतंय असं तू म्हणायला शिकलास, तेही आधी 'सब ठीक' न म्हणता. आणि प्राजूचं लग्न. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड कार्यक्रम, कारण त्यात काहीच वाजवायचं नव्हतं. सकाळचा मुहूर्त, उघडा मांडव, मंगलाष्टकं बिनमाइकची, सनई वाजवणारा एक म्हातारा दूर झाडाखाली बसवलेला. मुलाकडच्यांना मी सांगितलं की वसईत सध्या हीच फॅशन आहे, मोठमोठ्या घरांत असंच करतात. त्यांनी पुढे धाकट्या मुलाचं लग्नही तसंच केलं, पदरचे पैसे खर्चून नवा सेट घेतलेल्या मला न बोलावता. तू मात्र लग्न लागेपर्यंत बोहल्याशेजारी उभा होतास. चष्म्याखालून पाणी आलं तेव्हा म्हणालास, उजेड जरा जास्त आहे.

आपलं भांडण मात्र राहिलं. दर रविवारी पाचूबंदरला मासळी आणायला जाताना ते व्हायचंच. मी म्हणायचो, आता कळलं ना, घरात ओरडायचास तो तू नव्हतास, तो मार होता. तुला ते अजिबात मान्य नव्हतं. "मग प्राजूला सायकल शिकवली ती कुणी? तीही गोळ्यानंतरच. वाईट केलं ते माराचं आणि चांगलं केलं ते माझं, अशी वाटणी मला नको. सुमनवर ओरडलो तो मीच." मी म्हणायचो, तू फार कडक हिशेब लावतोस. तू म्हणायचास, मला माफी मागायची आहे, आणि तू मागू देत नाहीस. एकदा भर बाजारात आपण इतके रंगलो की मासळीवाली म्हणाली, "भांडा खुशाल, पन बाजूला होऊन भांडा. गिऱ्हाईक थांबलंय."

आणि दुसरं राहिलं ते जगदाळ्यांना विचारायचं. तुझ्याच तोफेवरचे जगदाळे, खटावकडचे, त्या दिवशी तिथे होते. मी कितीदा म्हटलं, लाव फोन. तू म्हणायचास, फोनवर नको, दिवाळीत गावी जाईन तेव्हा समोर बसून विचारीन. शेवटच्या रविवारी मात्र खरं बोललास. वाईट निघालं तर, म्हणालास. मी म्हटलं, मग मी तुला नवीन मधलं लिहून देईन, आणखी झकास. तू मान हलवलीस. "आता तुझं नाही चालायचं, भोंग्या. मॅडमनी तो रस्ता बंद केला."

दिवाळी यायची होती. तू सकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होतास, आणि हृदय थांबलं. डोकं नव्हे. त्यावरही तू काहीतरी बोलला असतास, डोकं शेवटपर्यंत ड्युटीवर होतं असं काही. मला तसं जमत नाही, मोहिते. मी प्रयत्न करून पाहिला.

तर आता हुकमाचा पत्ता.

जगदाळे अंत्यविधीला पोचू शकले नव्हते, ते तेराव्याला आले. पानं उठल्यावर खाली गेटजवळच्या खुर्चीत एकटेच बसले होते, पायाशी ती पाचवी. मी शेजारी बसलो. तुझी परवानगी घ्यायची राहिली होती, तरी विचारलं. तो गोळा पडला, तेव्हा गणपतचं काय झालं? वाईट निघालं असतं तर ते मला तुझ्यासाठी एकट्याने सांभाळावं लागलं असतं.

जगदाळे म्हणाले, "त्येनंच उचलला की. खांद्यावर घिऊन खाली तंबूपातूर आणला. गणपत वाटंतच गेल्याला. पर ह्यो सोडंना. आमी म्हनतोय, मोहिते, सोड. ह्यो नुसता बघतोय, डोळ्यांत वळख न्हाई. बोटं अशी आवळल्याली. शेवटी एका हाताची बोटं सोडवली आन् त्यात चहाचा पेला दिला. तवा दुसरा हात आपसूक पेल्यावर आला. तवा कुठं गणपतला घेता आलं."

मी त्यांना सांगितलं की तुला हे माहीत नव्हतं. मग त्यांच्या बोलण्यातून उलगडलं. त्या सगळ्यांना वाटत आलं की मोहित्यांना त्यावर बोलायचं नाही, म्हणून तुझ्या युनिटातल्या कुणीही तुझ्यापुढे तो विषय कधी काढला नाही. आणि तुला वाटत आलं की ते गप्प आहेत म्हणजे काहीतरी लाजिरवाणं असणार. एकमेकांचा मान राखत बसलात रे तुम्ही, आयुष्यभर.

मग मी बाईंचा प्रश्न विचारला. विचारायलाच हवा होता. नाहीतर तू म्हणाला असतास, हेही कुणीतरी भोंग्यानेच रचलं.

"तुम्ही हे स्वतः पाहिलंत, की नंतर ऐकलंत?"

जगदाळ्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "पेला म्याच दिला न्हवं."

वर जाऊन मी वहिनींना सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, त्यांना सांगा. म्हणून हे लिहितोय.

आपल्या भांडणात तुझंच खरं होतं. वाटणी होत नाही. डोळ्यांत ओळख नव्हती, आठवण नव्हती, आणि तरी उचललंस, तोही तूच.

आता सव्वीस जानेवारीला पोरं माझ्याकडे येतील, मोहितेकाकांची गोष्ट सांगा म्हणून. मी माइक बंद ठेवीन. टोपी नाही, मिशी नाही, मध्ये थांबणं नाही. गोळा आला, अगदी शेजारी पडला. मोहित्यांनी गणपतला उचललं आणि खाली आणेपर्यंत सोडलं नाही. आणि मग त्यांच्या हातात चहा होता.